मिशिगनची गाडी आणि दसऱ्याचा हार

दुसऱ्याच्या गाडीची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो सिंगापुरातल्या आंग मो किओ भागात अकराव्या मजल्यावर राहतो. तो माझ्या बायकोचा मामा, म्हणजे माझा मामेसासरा, असल्यामुळे त्या काळजीतला जावयाचा वाटा मला न मागता मिळतो. स्वतःच्या गाडीची काळजी कुणीही करेल हो! मामांनी ही गाडी विकून कित्येक वर्षं झाली. गाडी अमेरिकेत, मिशिगनमध्ये. मामा सिंगापुरात. पण तिकडे गाडीला ओरखडा उठला की इकडे मामांची झोप उडते. आणि नाही उठला तरी उडतेच, कारण उठला असेल आणि आपल्याला कळलं नसेल.

मामा तरुणपणी तिकडे हिशेबनीस होते. तेव्हा घेतलेली ही गाडी, आणि तेव्हाच ती जुनी होती. मरून रंग, दोनच दारं, मखमली सीट, झाकणाआड लपणारे पुढचे दिवे, मागच्या बाजूला बशीएवढी अंडाकृती खिडकी, आणि बॉनेट असं लांब की वळणावर ते आधी जायचं आणि मामा नंतर. दारं इतकी रुंद की शेजारी दुसरी गाडी लागली तर उतरायची पंचाईत. एकदा दुकानासमोर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या आणि हे नवराबायको आत अडकले. मामींनी डब्यातल्या पुऱ्या काढल्या, दोघांनी आतच जेवून घेतलं आणि शेजारच्या गाडीवाल्याची वाट बघत बसले. "काय मजा आली होती!" असं मामा अजून सांगतात. "मजा तुम्हाला आली. दुकान बंद झालं त्याचं काय?" हे मामींचं वाक्यही ठरलेलं. पुढे सिंगापूरची नोकरी आली, आणि गाडी शेजारच्या एका शाळामास्तराला विकून मामा विमानात बसले. बसले ते काळजी करतच.

या काळजीचा पहिला शत्रू म्हणजे मीठ. तिकडे बर्फ पडलं की रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे कुणी घसरत नाही. पण त्या मिठाने गाडीचा तळ गंजतो. झालं! आम्ही इथे घामाने निथळतोय, पंखा गरगरतोय, आणि मामा अर्ध्या चड्डीत सोफ्यावर बसून फोनमध्ये मिशिगनचं हवामान बघतायत. "जावईबापू, रात्री बर्फ पडलंय. मीठ टाकलं असणार मेल्यांनी." मी म्हटलं, "मामा, मास्तर काही रोज नेत नसतील हो गाडी बाहेर." यावर मामांचा चेहरा असा पडला की मलाच वाटायला लागलं, खरंच, नेत असतील तर? संसर्गजन्य प्रकरण आहे हे. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी स्वतः मिशिगनचं हवामान बघताना पकडला गेलो.

इथे त्यांनी गाडी घेतली नाही ती नाहीच. त्यांचं म्हणणं, इथे गाडीला परवानाच दहा वर्षांचा. "जन्मतःच मरणाची तारीख ठरवून दिलेली वस्तू. तिच्यात जीव कसा अडकवायचा?" म्हणून मग टॅक्सी. आणि मामांबरोबर टॅक्सीत बसणं म्हणजे शिक्षा आहे. इथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि मामा त्याच्या डावीकडे. पण अमेरिकेत ते डावीकडे बसूनच गाडी चालवायचे, त्यामुळे डावी सीट मिळाली की त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो. पुढे बस दिसली, दाब. सिग्नल पिवळा झाला, दाब. पायाखाली ब्रेक नाही हे लक्षात आलं की मग "अहो, अहो, अहो!" एकदा लिटिल इंडियाला जाताना तो म्हातारा चिनी ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "अंकल, आय ड्राइव्ह, यू सिट. कॅन?" मामांनी "कॅन, कॅन" म्हटलं आणि पुढच्याच वळणावर इतक्या जोरात ब्रेक दाबला की त्यांची चप्पल तुटली.

पुलाउ उबीन या जवळच्या बेटावर सगळे सायकली फिरवायला जातात. आम्हीही मामांना नेलं, म्हटलं जरा मोकळी हवा लागेल. भाड्याच्या सायकलीच्या दांड्यावर गंज दिसला आणि सहल तिथेच संपली. समुद्राची खारी हवा, त्यात डबकी. मामा सायकलीवर बसलेच नाहीत. डबकं चुकवत ती हाताने ढकलत नेली आणि परत देताना आपल्या रुमालाने साखळीपर्यंत पुसून दिली. दुकानदाराला वाटलं, यांनी काहीतरी मोडलंय आणि लपवतायत. त्याने सायकल तीन वेळा उलटीपालटी करून पाहिली.

आता दसरा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली पाहिजे, यावर मामा ठाम. गाडी विकली तेव्हाच मास्तराला अट घातली होती, की वर्षातून एकदा, मी सांगेन त्या दिवशी, गाडी धुवायची आणि तिच्यावर फूल ठेवायचं. त्या गोऱ्या मास्तराला यातलं काय समजलं देव जाणे, पण बाबाने शब्द पाळला. तिकडे त्या दिवसांत शेवंतीचा बहर असतो. मास्तर कुंडीच्या कुंडी बॉनेटवर ठेवायचा आणि दसऱ्याला फोटो पाठवायचा. मामा तो छापून आणायचे, टीव्हीशेजारच्या चौकटीत जुना काढून नवा लावायचे, मग भिंगातून टायर, दार, तळ अशी तपासणी. फोटोवरही फूल वाहायचे, पण खाली, चौकटीच्या पायाशी. हार घालायचा नाही, ही मामींची सक्त ताकीद. "गाडीला हार घालतात, फोटोला नाही. फोटोला हार म्हणजे माणूस गेला." दसऱ्याला गाडीला हार हवा आणि फोटोला तर नको, या पेचातून मामांनी पायाशी फूल हा मार्ग काढला होता.

यंदा दसरा आठवड्यावर आला, दिवस कळवायची वेळ झाली, आणि मास्तराचं उत्तरच येईना. मामांनी ई-मेल केली, फोन केले. तिकडे नुसतीच घंटा वाजत राहायची. "गंजली," मामा म्हणाले. जरा वेळाने, "ठोकली असेल." मग, "विकली तर नसेल ना? भंगारात?" पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाऊन एकदा, फक्त एकदा, ती गाडी चालवायची, हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं. तिकिटांच्या चौकशाही झाल्या होत्या. ते सगळं त्या एका उत्तरावर अडलं. जेवण जाईना. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा हो. यांचं ब्लडप्रेशर बघवत नाही."

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही लिटिल इंडियातून झेंडूचे हार घेऊन त्यांच्याकडे गेलो. माझी बायको उत्साही. दाराला हार, देवाला हार, मामांच्या लॅपटॉपला हार, मिक्सरला हार. हात चालूच. त्याच ओघात तिने टीव्हीशेजारच्या, गेल्या वर्षीच्या फोटोलाही हार घालून टाकला.

"अगं बाई!" मामी ओरडल्या.

बायकोने जीभ चावली. मामा "गेली," एवढंच म्हणाले. आम्ही परोपरीने समजूत घातली, बायको तर रडायच्या बेतात आली. मामांनी हार काढला आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. श्रीखंड वाट्यांत तसंच राहिलं. मला स्वतःला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो.

सकाळी मामांनी पुन्हा फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. या वेळी कुणीतरी उचलला. मामींनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. एका बाईचा आवाज होता. मामांनी नाव सांगताच ती म्हणाली, "फुलांवाले का तुम्ही? बाबा सांगायचे, ऑक्टोबरमध्ये सिंगापूरचा फोन येतो, त्याआधी गाडी चकचकीत करायची." मग म्हणाली, "बाबा उन्हाळ्यात गेले हो. फुलांचं माझ्या डोक्यातूनच गेलं. माफ करा मला."

मला वाटलं, आता मामा गाडीचं विचारणार. मामांनी विचारलं नाही. मग म्हणाले, "त्यांचा एखादा फोटो आहे का? माझ्याकडे नाही."

फोन ठेवल्यावर म्हणाले, "दरवर्षी मी त्याला विचारलं, ती कशी आहे. तू कसा आहेस, हे एकदा नाही विचारलं, जावईबापू." आणि डोळे पुसले. मामींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

फोटो दुपारी आला. एक गोरा, टक्कल पडलेला म्हातारा, चौकड्यांचा शर्ट, कोपर खिडकीबाहेर, हसतोय. बॉनेटवर शेवंतीच्या कुंड्या. बसलाय अर्थातच गाडीत. मामांनी फोटो छापून आणला, चौकटीत लावला, हार उचलला, आणि हात हवेतच राहिला. मास्तरला हार घालावा तर तो गाडीलाही पडतो. मामींकडे बघितलं त्यांनी.

मामींनी हार त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः घातला. "घातला तर घातला. गाडीला दसऱ्याचा, मास्तरांना त्यांचा," म्हणाल्या.

परवा डिसेंबरात गेलो होतो. मामा अर्ध्या चड्डीत, फोनमध्ये मिशिगन. मास्तरच्या मुलीचा त्यांना आता दर आठवड्याला फोन असतो. तिची स्वतःची गाडी बंद पडलीय, म्हणून या थंडीत ती मामांचीच गाडी घेऊन कामावर जाते, असं मामींनी स्वयंपाकघरात मला आधीच सांगून ठेवलं होतं. रोज, त्या रस्त्यावरून! मी घाबरत घाबरतच विचारलं, "मामा, बर्फ पडलंय का हो? मीठ टाकलं असेल?"

"टाकू दे जावईबापू," मामा फोनमधून मान वर न काढता म्हणाले. "भरपूर टाकू दे. पोरगी सकाळी अंधारातच निघते."