दहापर्यंत

"अरे, काय चघळतोयस?" असं ज्याने त्याने विचारावं आणि फुंक्याने दर वेळी रिकामं तोंड उघडून दाखवावं! बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा हा माणूस. दम असा दांडगा, की नावच पडलं फुंक्या. आणि आता त्याचेच ओठ त्याचं ऐकेनात. जीभ मनाला येईल तेव्हा बाहेर, जबडा सतत हलता. क्लॅरिनेट तोंडाला लावलं की सूर फाटलाच.

दोष गोळ्यांचा होता. सहा वर्षांपूर्वी जवळ कुणी नसताना कानात नको ते बोलणारे आवाज यायला लागले. गोळ्यांनी ते गप्प केले आणि त्याच गोळ्यांनी हळूहळू तोंड नाचवायला घेतलं. मग या शहाण्याने काय करावं? परस्पर गोळ्या बंद! तिसऱ्या आठवड्यात आवाज दुप्पट होऊन परत. शेवटी ताईने, त्याच्या थोरल्या बहिणीने, कान धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध सोडायचं नाही, बदलायचं. शिवाय ही हालचाल आवरणारी एक नवी गोळी. आता जीभ बाहेर काढा, मी मोजते." दोनवर जीभ आत. "दहापर्यंत टिकली की समजा, जमतंय."

झालं! रोज सकाळी चहाआधी जीभ. ताई मोजणार, भाचरं समोर बसून आपल्याही जिभा काढणार. महिनाभर आकडा तीनच. फुंक्या वैतागला आणि पुढच्या भेटीत पठ्ठ्याने जीभ दातांत पकडून दहा गाठले.

"दात सोडा," बाई म्हणाल्या. चारवर बोऱ्या वाजला. पण चार म्हणजे दोनाच्या दुप्पट, हे ताईने त्याला घरी येईपर्यंत दहादा ऐकवलं.

चौथ्या महिन्यात अकरा! घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. पण जीभ दाखवून कोण बँडमध्ये परत घेतो? बँडमास्तर स्पष्टच बोलले, "रविवारच्या कार्यक्रमाची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटची आहे. लांब सूर, बारा मात्रा. आज तालमीत जमला तर खुर्ची तुझी, नाहीतर मी दुसरा बघतो."

ताई तालमीच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली, बोटं मोजायला तयार. फुंक्याने क्लॅरिनेट ओठांत धरलं. फुंकलं, आणि सूर निघाला. सरळ! कुठे हेलकावा नाही, कुठे चीर नाही. झांजवाला झांजा मांडीवर ठेवून आ वासून बघत राहिला. बाराव्या मात्रेला मास्तरांचा ताल धरलेला हात थांबला, तरी सूर आपला चाललाच होता.

दम संपला तेव्हा फुंक्या धापा टाकत दाराकडे वळला. "ताई, किती झाले गं?"

ताईचा पदर डोळ्यांना. "मेल्या," ती म्हणाली, "मोजायचं राहूनच गेलं."