शववाहिनीतून जे. पी. नगरला

सांगलीहून निघताना आईने बजावलं होतं, "त्याला समजाव आणि सोबत घेऊनच ये." तो म्हणजे माझा धाकटा भाऊ अरुण. वय अठ्ठेचाळीस, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, अविवाहित. त्याने बंगळुरूत स्वतःच लग्न ठरवलं होतं आणि बाई शववाहिनी चालवते, एवढंच फोनवर कळवलं होतं.

सकाळी यशवंतपूर स्टेशनबाहेर आले, तर अरुण पांढऱ्या शववाहिनीच्या दारात उभा. स्टिअरिंगवर तुळसाबाई. पंचेचाळिशीच्या, विधवा, खाकी शर्ट आणि केसांत मोगरा. घराणं मराठी, पण चार पिढ्या इथल्याच.

"या अक्का (ताई). स्वल्प (थोडं) सरकून बसा. मागं आज कोणी नाही," त्या म्हणाल्या.

इथल्या वाहतूक कोंडीबद्दल बरंच ऐकलं होतं, पण आम्हाला सगळे वाट देत होते. रिक्षावाले हात जोडत. मीही उलट नमस्कार करू लागले, तेव्हा तो आपल्यासाठी नसतो, असं तुळसाबाईंनी हळूच सांगितलं.

दोघांची ओळख शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत झाली. कुणाचा तरी मोबाइल तिरडीत राहिला होता, आणि गाडीत चढवताना तो वरातीच्या चालीवर वाजू लागला. हसले फक्त दोघे: अरुण आणि गाडीची चालक. तेव्हापासून शेजाऱ्यांनी अरुणशी बोलणं टाकलं. तुळसाबाईंना तर नातलग आधीपासूनच लग्नकार्याला बोलवत नव्हते.

जे. पी. नगरात डोसे-वडे खायला थांबलो. मालक येऊन म्हणाला, गाडी हलवा, गिऱ्हाइकं परत जातात. तुळसाबाई लगेच उठल्या; सवयच असावी. लहानपणी दुसरी भाकरी मागायलाही लाजणाऱ्या अरुणने दोघांच्या थाळ्या उचलल्या.

"सरी (बरं). आम्ही बाहेर खातो."

गाडी कोपऱ्यावर नेली आणि दोघे गाडीला टेकून खाऊ लागले. शेवटच्या वड्यावरून त्यांचं भांडण मला काचेतून दिसत होतं. मी दोन घास एकटीने खाल्ले. मग माझी थाळी घेऊन बाहेर गेले.

"चटणी विसरलात," मी म्हणाले. तुळसाबाईंनी सरकून मला जागा केली.

तिसऱ्या दिवशी एकटीच परतले. बंगळुरूची प्रसिद्ध लालबाग पाहायची राहिली. समजवायला गेले होते, आणि स्वतःच समजून आले.

सगळं ऐकून आईने विचारलं, "गाडी कशी चालवते?"

"खड्डा आला की हळू करते. मागे कोणी नसलं तरी."

आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मुहूर्त बघायला माझ्याकडे चष्मा मागितला.