जोडीचा कुत्रा

आमच्या लॅबमधल्या उंदरांना नाव द्यायचं नाही, हा नियम मीच केला. शेपटीवर मार्करनं नंबर टाकायचा, बस्स. नवी पोरं कुरकुरतात. मग स्वतःच्या हातानं वाढवलेल्या उंदराचा मेंदू काढायची वेळ येते आणि नियम काहून आहे ते त्यांचं त्यांना कळतं. म्हातारपणी मेंदू कसा झिजतो, आठवण आधी कुठून गळायला लागते, हे आम्ही अमरावतीच्या विद्यापीठात बसून शोधतो. उंदीर मरतात आणि आम्ही शिकतो. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

त्याच लॅबच्या फ्रिजवर आमच्या घरच्या जनावरांचे फोटो चिकटवलेले आहेत. माझी एक विद्यार्थिनी तिवश्याची, तिची मांजर आणि शेळी. लॅब असिस्टंटची कबुतरं. मधोमध बाबांचा कुत्रा. पोळ्याला मात्र आमच्याकडे उंदराला कुणी हात लावत नाही. बहुतेक शेतकऱ्यांचीच लेकरं आहोत. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, तर उंदराला काहून जुंपायचं? बाहेरगावचे एक साहेब पाहणीला आले होते, ते हे ऐकून हसले. मी म्हटलं, "हसा साहेब, पण पिंजरा उघडू नका." माझी जीभ अशीच आहे. माझ्या तोंडी कुणी लागत नाही.

बाबांचा मळा बाळापूरजवळ. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि पहाटेच्या गाडीनं अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायचे. आई गेल्यावर ते एकाच वाफ्याला पुन्हा पुन्हा पाणी द्यायला लागले. मग बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले. मी त्यांना अमरावतीला, राजापेठेत माझ्या घरी आणलं आणि त्यांच्यामागे कुत्राही आला. तांबडा, पुढचा एक पाय पांढरा, एक कान कुठल्यातरी भांडणात फाटलेला. तोही म्हाताराच होता.

जो आजार मी वर्गात शिकवते तोच माझ्या घरी येऊन बसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वर्षभरात बाबा मला ओळखेनासे झाले. मला "बाई" म्हणायचे, अहो-जाहो करायचे. जेवण वाढलं की म्हणायचे, "बाई, तुमी कायले तरास घेता?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि बाहेर येऊन त्यांच्यावरच डाफरायची, "जेवा आता गुपचूप!" कुत्र्याला मात्र ते शेवटपर्यंत नावानं हाक मारायचे. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा. खरं सांगते, मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. पण घरात बाबांच्या ओळखीचं तेवढंच एक उरलं होतं, म्हणून मी त्याला जिवापाड जपलं.

हिवाळ्यात एका सकाळी तो अंगणातल्या उन्हात झोपला तो उठलाच नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "बाबा, तो गेला." बाबा ओक्साबोक्शी रडले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात धरून पुन्हा विचारलं, "कुठं गेला व बाई तो?" मी पुन्हा खरं सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, जसं काही आत्ताच कळलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, फिरायला गेला. तर दिवसभर दारात बसून राहिले.

मी हे लॅबमध्ये सांगितलं आणि आम्ही जे केलं ते आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. आमच्या कामात एक उंदीर मेला की त्याच जातीचा, त्याच वयाचा, त्याच वजनाचा दुसरा घेतात आणि काम पुढे चालतं. तिवश्याची पोरगी म्हणाली, "मॅडम, जोडीचा शोधू ना." मला ते लगेच पटलं. इतकी शिकलेली बाई मी, पण मला एकदाही वाटलं नाही की आपण वेड्यासारखं करून राहिलो. सगळी लॅब कामाला लागली. रंग, उंची, पांढरा पाय. येताजाता जो तो रस्त्यावरच्या कुत्र्यांचे पाय बघत होता. शेवटी तिवश्याच्या बसस्टँडवर त्या पोरीलाच एक सापडला. पाय पांढरा, वयानंही उतरलेला. फक्त दोन्ही कान शाबूत होते. तिच्या काकाच्या भाजीच्या टेम्पोतून तो अमरावतीला आला. आम्ही त्याला आंघोळ घातली, सुया टोचून घेतल्या, जुन्याचा पट्टा गळ्यात बांधला.

मग मी त्याला बाबांपुढे आणला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग खाली वाकून त्यांनी त्याच जुन्या नावानं हाक मारली. कुत्र्यानं शेपूट हलवली आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

पुढं एकदा मला परीक्षेच्या कामासाठी अकोल्याला जावं लागलं. तिवश्याची पोरगी बाबांजवळ दिवसभर थांबली. मी परत आले तर ती दारातच चपला घालून उभी. डोळे लाल.

"काय झालं? पडले का?"

"नाही मॅडम. चांगले जेवले." मग म्हणाली, "बाबांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

ती घुटमळायला लागली तशी मी ओरडले, "जे ऐकलं ते जसंच्या तसं सांग! तुझ्या पदरचं घालू नको."

तिनं सांगितलं. बाबा कुत्र्याला खाऊ घालत होते. मध्येच तिला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "हे कुत्रं मायं नोहे बाई. मायं मेलं असन. पण मायी पोट्टी लय धडपड करून घेऊन आली याले. तिले सांगजो नोको. रडन ते."

मी तिला दारातच अडवलं.

"मायी पोट्टी म्हणाले?"

"हो मॅडम."

"नक्की?"

"दोनदा म्हणाले."

ती गेल्यावर मी आत आले. बाबा खाटेवर बसले होते, कुत्रा खाली पायाशी. वाटलं, धावत जावं, त्यांचे खांदे धरून विचारावं, बाबा, मी कोण? पण विचारलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी झाकून ठेवलेलं उघडं पडलं असतं. आणि नसतं ओळखलं तर? तेवढा दम माझ्यात नव्हता. मी समोरच्या खुर्चीवर टेकले आणि म्हटलं, "तुमचा कुत्रा लय गुणाचा आहे हो."

"हाय ना," बाबा म्हणाले. "मायाच हाय थो." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तुमी कोन्या गावच्या बाई?"

"बाळापूरकडची."

"अरे वा!" त्यांचा चेहरा खुलला. "मायी पोट्टी बी तिकडचीच. लय शिकली. कामावर गेली हाय, येईनच आता. बसा तुमी, भेटून जा तिले."

मी बसून राहिले.