मेव्हण्याच्या तोंडाला फेस

गेली तीन वर्षं मी रोज सकाळी पस्तीस मिनिटं दाढी करतो. एवढा वेळ लागावा अशी माझी दाढी नाही. गालावर मोजके केस आहेत, हनुवटीवर थोडे बरे. बायको म्हणते, "तुमच्या दाढीपेक्षा माझ्या भुवया दाट आहेत." ते खरं आहे. पण हौसेला केस किती आहेत हे कुणी विचारत नाही.

मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. एका मे महिन्यात बोर्डाचे पेपर तपासून झाले होते, बाहेर ऊन असं की चिटपाखरू दिसत नव्हतं, आणि मी पंख्याखाली पडून मोबाइल बघत होतो. त्यात एक जाडजूड गोरा माणूस वाडग्यात साबण घोटताना दिसला. त्याने पंधरा मिनिटं नुसता फेस केला. मग डोळे मिटून तो तोंडाला लावला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आमच्या स्टाफरूममध्ये कधी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. आठवडाभरात माझ्याकडे जड पितळी मुठीचा रेझर, दुधारी पात्यांची पाकिटं, एक ब्रश, एक वाडगा आणि चंदनाच्या वासाचा साबण आला. महिनाभरात ब्रश तीन झाले. बाथरूममधल्या फळीवरून बायकोची तेलाची बाटली खाली बादलीशेजारी गेली.

मग ग्रुप सापडला. महाराष्ट्रभरातले दीडशे पुरुष, सगळे हातांनी फेस करून दाढी करणारे. लातूरचे एक दंतवैद्य, नाशिकचे एक निवृत्त इंजिनिअर, असे. रोज सकाळी प्रत्येकाने आपलं सामान पांढऱ्या नॅपकिनवर मांडून फोटो टाकायचा. साबण कुठला, पातं कितव्यांदा वापरलं, फेस कसा झाला, हे खाली लिहायचं. बाकीच्यांनी "वा!" म्हणायचं. मी तास सुरू असतानासुद्धा मध्येच मोबाइल बघून "वा!" म्हणून आलेलो आहे.

अडचण एकच होती. माझा फेस होईना. इतरांच्या फोटोत श्रीखंडासारखा घट्ट फेस, आणि माझ्या वाडग्यात ताकावर येतो तसा. मी ब्रश बदलला, साबण बदलला, मनगट फिरवायची पद्धत बदलली. दोन महिने गेले. मग अकरावीच्या वर्गात "कठीण पाण्यात साबणाला फेस का येत नाही" हे फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला. हा धडा मी एकोणीस वर्षं शिकवत होतो. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, अंघोळीला आणि बाकी सगळ्याला बोअरचं. त्या बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे थर चढतात, आणि मी त्यात फेस शोधत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी पिण्याच्या फिल्टरमधलं पाणी घेऊ लागलो.

"अहो, प्यायचं पाणी आहे ते!" बायको म्हणाली. "लोक प्यायला पाणी भरून ठेवतात, तुम्ही दाढीला?"

"दोनच वाट्या लागतात गं."

"मग दोन वाट्या कमी प्या."

फेस मात्र झाला. आणि फेस झाल्यावर माझं डोकं जरा फिरलं. मी स्टाफरूममध्ये लोकांच्या गालांकडे बघून सल्ले देऊ लागलो. इतिहासाच्या सरांना मी एकदा सांगितलं की तुम्ही केसांच्या उलट दिशेने पातं ओढता, म्हणून मानेवर पुरळ येतं. ते म्हणाले, "मला घामोळं आलंय." तरी मी त्यांना तुरटीचा खडा दिलाच.

अशा अवस्थेत मागच्या एप्रिलमध्ये मी मेव्हण्याच्या लग्नाला सासरी, कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला गेलो.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पुण्यात नोकरी करतो. त्याने आठ महिने खपून दाढी वाढवली होती आणि ती खरोखर छान होती. काळीभोर, गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत सुरीने कापल्यासारखी रेघ. मुलगी मंगळवेढ्याची. बघण्याच्या कार्यक्रमापासून तिने त्याला दाढीतच पाहिलेलं. हळदीच्या दिवशी दुपारी ती दाढी फक्त नीट कोरून घ्यायची होती. रेघेच्या वर आलेले चार केस काढायचे आणि गळा साफ करायचा, एवढंच काम.

ते काम ठरलेल्या माणसाचं होतं. दुधनीत एक सलूनवाले मामा आहेत, सत्तरीला आलेले. सासऱ्यांच्या लग्नात मामांच्या वडिलांनी नवरदेवाची दाढी केली होती, आणि नंतर या घरातल्या प्रत्येक नवरदेवाची मामांनी. माझीसुद्धा. ते आपली पिशवी घेऊन चारच्या सुमाराला आले आणि ओसरीवर बसले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी नारळ आणि टॉवेल-टोपी ताटात काढून ठेवली होती.

आणि मी म्हणालो, "आज दाढी मी करतो."

असं का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर फार साधं आहे. मी सोलापुरातून सगळं सामान आणलं होतं. वाडगा, दोन ब्रश, रेझर, आणि पाच लिटरच्या कॅनमध्ये फिल्टरचं पाणी. ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय परत न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, नक्की ना?"

"अरे, तुला कळणारसुद्धा नाही पातं फिरलेलं."

सासरे मामांकडे बघू लागले. मामा म्हणाले, "करू द्या की. जावई हाईत. मी बसतो हितंच." त्यांना चहा दिला गेला.

मी मेव्हण्याला अंगणात खुर्चीवर बसवलं, गरम टॉवेल त्याच्या तोंडावर ठेवला आणि जमलेल्या पाहुण्यांना समजावून सांगत फेस घोटायला लागलो. पाण्याचा कठीणपणा सांगितला, साबणातली चरबी सांगितली. दुधारी पातं गालाशी तीस अंशांत का धरायचं, तेही सांगितलं. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी झाला तसा फेस माझ्या हातून कधीच झाला नव्हता. वाडगा उलटा धरला तरी पडेना. मी तसा उलटा धरून सगळ्यांना दाखवला. मेव्हण्याच्या तोंडावर तो बोटभर जाड लावला, कानापासून गळ्यापर्यंत, दाढीवरसुद्धा, कारण तो दिसत होता सुंदर. मग हात पुसले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज नवरदेवाची सेवा."

मामांनी बशी खाली ठेवली. "साहेब," ते म्हणाले, "रेघ कुटं हाय बगून घ्या आदी. फेसात दिसंना झाली."

"मामा, जरा फेस मुरू द्या," मी म्हणालो. त्यांना. पन्नास वर्षं वस्तरा धरलेल्या माणसाला.

मग मी रेझर उचलला आणि कानाजवळून खाली एक मोठा, संथ, व्हिडिओत दाखवतात तसा हात मारला. पातं इतकं छान चाललं की मला वाईट शंका यायला हवी होती. फेसाबरोबर काहीतरी काळं खाली घसरलं आणि मेव्हण्याच्या मांडीवरच्या टॉवेलवर पडलं. त्याच्या उजव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत दोन बोटं रुंद, गुळगुळीत, पांढरा पट्टा उमटला.

मेव्हण्याला आरसा दिला नव्हता. तो डोळे मिटून म्हणाला, "दाजी, खरंच कळलं नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हातातली परात खाली ठेवली आणि फक्त "अहो" म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली, हा "अहो" मी पहिल्यांदा ऐकला.

मेव्हण्याने गालावर हात फिरवला, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं. तो ओरडला नाही. आमच्याकडे जावयावर ओरडत नाहीत, आणि त्या दिवशी मला कळलं की ही किती कठोर शिक्षा आहे. सासरे म्हणाले, "होतं असं जावईबापू. चहा घ्या." सासूबाई आत निघून गेल्या. माझ्या हातात कुणीतरी खरंच चहाचा कप दिला. त्याच वेळी खिशात मोबाइल थरथरायला लागला. "काय फेस आहे सर!" "पाणी कुठलं वापरलं?" "वा!" "वा!" लातूरच्या दंतवैद्यांनी टाळ्या वाजवणारे सहा हात पाठवले होते.

मामा उठले. "आता समदीच काढावी लागंल," ते मेव्हण्याला म्हणाले. "अर्धी ठिवली तर लोक विचारतील. समदी काढली तर म्हणतील, लगीन हाय म्हणून काढली."

मेव्हण्याने मान हलवली. मामांनी प्लास्टिकची वाटी घेतली, बोअरच्या नळाखाली धरली, साध्या ट्यूबमधलं क्रीम बोटाएवढं काढलं. वस्तऱ्यात अर्धं पातं अडकवलं. सात-आठ मिनिटांत आठ महिन्यांची दाढी संपली. एक ओरखडा नाही.

खालून जो चेहरा निघाला तो आम्हा सगळ्यांना नवीन होता. मेव्हणा पंधरा दिवस उन्हात पत्रिका वाटत फिरला होता. कपाळ, नाक आणि गालाची वरची बाजू तांबूस काळी, आणि खाली जबडा नुसता दुधासारखा. दोन माणसांचे तुकडे जोडून एक माणूस केल्यासारखा. हनुवटी बारीक. वय दहा वर्षांनी कमी.

"अय्यो," एक चुलत सासूबाई कानडीतून काहीतरी पुटपुटल्या. बायकोला विचारलं तर तिने अर्थ सांगितला नाही.

"हळद लावताना खाली जरा जास्त लावा," मामा बायकांना म्हणाले. "रंग मिळंल." तशी ती लावली गेली. रात्री मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मेव्हण्याने "रेंज नाही" म्हणून कट केला. मुलीकडच्यांना कुणी काही सांगायचं नाही, अशी त्याने आम्हा सगळ्यांना शपथ घातली. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. मुंडावळ्यांमुळे आणि फेट्यामुळे लांबून काही कळत नव्हतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला. नवरी हार घेऊन पुढे आली आणि थांबली. तिने समोर बघितलं, मग शेजारी उभ्या भावाकडे, मग परत समोर. गुरुजींच्या उपरण्याला माइक लावलेला होता आणि गुरुजी अगदी जवळ उभे होते. त्यामुळे ती भावाला जे हळूच म्हणाली ते सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

"दादा, हे तेच आहेत ना?"

मेव्हणा, पुण्याला चार वर्षं इंग्रजीत मीटिंगा घेणारा, घाबरून म्हणाला, "मीच हाय गं! खरंच मीच हाय!" हेही माइकने सगळ्यांना ऐकवलं.

पहिल्यांदा मुलीचे वडील हसले. मग मागच्या रांगा. हसता हसता नवरीने हार घातला, आणि तो घालताना तिचे हात इतके हलत होते की हार फेट्यात अडकला. मी खांबामागे उभा होतो. बायकोने मला तिथे उभं केलं होतं.

जेवणाच्या पंगतीत नवरीने मला गाठलंच. कुणीतरी सांगितलं असणार. "दाजी, तुम्ही काढली ना?" ती म्हणाली. मी कबूल केलं. "मला आवडायची ती दाढी," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं खरं ते सांगितल्यासारखं. मी वाढप्याला तिच्या ताटात जिलबी वाढायला सांगितली.

मला मात्र मामांचं जास्त लागून राहिलं. नारळ आणि टॉवेल-टोपी त्यांना दिली गेली होती, पण माझ्यासमोर त्यांनी बशी खाली ठेवून सांगितलेलं आणि मी त्यांना गप्प केलेलं, ते मनातून जाईना. निघायच्या दिवशी सकाळी एस.टी.ला तासभर होता. मी त्यांच्या दुकानात गेलो. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. ते पेपर वाचत होते.

"मामा, त्या दिवशी चुकलंच माझं," मी म्हणालो.

"बसा की," ते म्हणाले आणि खुर्चीवरचं फडकं झटकलं.

मी बसलो. त्यांनी बोअरच्या पाण्याचा हात माझ्या गालावरून फिरवला. फेस काही धड झाला नाही, मी बघत होतो. सल्ला मात्र दिला नाही. वस्तरा फिरला आणि तीन-चार मिनिटांत ते मानेपर्यंत पोचले.

"तुमचा तो मोबाइलमदला ग्रुप," ते म्हणाले, "तितं किती जणं हायती?"

"दीडशे."

"समदे सोताचीच दाढी करत्यात?"

"हो, स्वतःचीच."

त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि गळ्यावरून शेवटचा हात मारला.

"मंग करा की," मामा म्हणाले. "कुणाचं काय जातंय."