गोळी आणि अर्धा तास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — आईला सांगितलं की सांगलीभर झालंच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्ये बोलणार नाही.

मी नर्स. नवरा फौजेत, म्हणून सध्या मुक्काम जयपूरला. इथल्या एका छोट्या हॉस्पिटलात भाजलेल्यांचं ड्रेसिंग करते, आणि — स्वतःच्या तोंडानं सांगते, लाज कसली — माझा हात हलका आहे. तोंड मात्र अखंड चालू! पट्टी सुटेपर्यंत पेशंटला हसवत ठेवायचं, ही माझी पद्धत.

बाकी शास्त्र साधं आहे हो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची. मग थांबायचं. गोळी अंगात भिनली की पट्टी भिजवून सावकाश सोडवायची. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. आणि थांबणं — मला जन्मात जमलेलं नाही. चहा उकळेपर्यंत मी गॅसभोवती चार फेऱ्या मारते.

गोपाळजी जयपूरजवळच्या बगरू गावचे. लाकडी ठशांनी कापड छापणारे, पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे. रंगाचं उकळतं पाणी उजव्या हातावर सांडलेलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सिस्टरजी, सारी उमर कपड़ा रंगा, इस बार खुद को रंग लिया." मी इतकी हसले की डॉक्टर दारातून डोकावले. आमची गट्टीच जमली. ते एक दिवसाआड यायचे. मी "आइए, शेरसिंग" म्हणायची आणि ते डाव्या हातानं मिशीला पीळ द्यायचे.

येते, येते मुद्द्यावर.

गोपाळजी पोचायचे एकला. गोळी एकला, ड्रेसिंग दीडला, म्हणजे संपायला सव्वादोन. आणि खातीपुऱ्याला, माझ्या घराकडे जाणारी बस दोनला. ती चुकली की उन्हात पाऊण तास. मग एक दिवस मी काय केलं? गोळी दिली आणि लगेच पट्टीला हात घातला. वर कागदावर गोळीची वेळ लिहिली — साडेबारा. अहो, साडेबाराला ते बगरूच्या बसमध्ये होते!

घरी तान्हं बाळ होतं का माझं? नाही. नवऱ्याला स्वतःचं ताट वाढून घेता येतं. मला नुसतं थांबायचं नव्हतं.

आणि गोपाळजींनी काय करावं? त्यांनी एक किस्सा सुरू केला — मेव्हण्याच्या लग्नात मांडवात म्हैस घुसली आणि थेट व्याह्यांच्या मांडीवर बसायला निघाली. मी पोट धरून हसले. त्यांची पायाची बोटं चपलेत आवळली होती, ते मला दिसलं. दिसलं हो! पण माणूस हसतोय म्हणजे दुखत नसेल, अशी मी माझीच समजूत घातली. मग महिनाभर तेच. दुखणं वाढलं की म्हैस मांडवात आणखी एक फेरी मारायची, इतकंच.

पुढे ते खाडे करू लागले. एक, मग दोन, मग आठवडाभर गायब. डॉक्टरांनी कागद पाहिला — गोळी वेळेवर, सगळं ठीक. मला विचारलं, का येत नसतील हे? आणि मी म्हणाले — हेच ते, एवढ्यासाठीच तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं — मी म्हणाले, "बेफिकीर आहेत सर. सगळी थट्टाच वाटते त्यांना."

डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर झापलं. शेरसिंग मान खाली घालून म्हणाले, "गलती हो गई साब. बस छूट गई थी."

बस! त्यांनीही बसचंच नाव घ्यावं?

ड्रेसिंग चुकत गेलं, आणि त्यांची दोन बोटं आखडली ती आखडलीच. ठसा धरायला पंजा पुरता उघडत नाही. घरचे छापतात, ते शेजारी बसून कापड ताणून धरतात.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले. भावजयीच्या हातावर तेल उडालं होतं, तिला मुद्दाम माझ्याकडे घेऊन आले. तिला म्हणाले, "डर मत, इनका हाथ बहुत हल्का है." मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गोळी दिली आणि स्टूल ओढून बसले. अर्धा तास. दोनची बस गेली तर गेली.

मग तिची गावात बांधलेली पट्टी भिजवली. गोपाळजींनी तिला धीर द्यायला म्हशीचा किस्सा सुरू केला. म्हैस अजून मांडवाच्या दारातच होती, तेवढ्यात भावजय म्हणाली, "हो गया? इतना ही दुखता है?"

गोपाळजी बोलायचे थांबले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून पट्टीची गाठ मारत राहिले.