तळ्यावर न्यायचा फ्रिज

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली 'कानवाले' म्हणते. फ्रिज दुरुस्तीला गेले की हे आधी काही खोलत नाहीत. गुडघे टेकतात, फ्रिजच्या मागच्या अंगाला कान लावतात आणि डोळे मिटतात. मिनिटभराने उठून सांगतात, "गॅस कमी आहे," नाहीतर "पंख्याचा बुश गेलाय." तीस वर्षं ह्याच कानावर आमचं घर चाललंय. आणि असा माणूस घरात असताना सहलीला न्यायचा एक छोटा फ्रिज निवडायला आम्हाला दोन वर्षं पुरली नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. दिवसभर ओल्या चादरी, वाफ आणि सहा मोठ्या मशिनची घरघर. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तोच आवाज घेऊन मी घरी येते. लेक दुसऱ्या शहरात असते. ती म्हणते, "आई, तू फोन न लावता बोललीस तरी मला इकडे ऐकू येईल." त्या गोंगाटातून चार दिवस सुटावं आणि पाण्याकाठी गप्प बसावं, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठीच लेकीने तंबू घेऊन दिला. तो दोन वर्षं कपाटावर पडून आहे, पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नाही.

इथून तीन तासांवर एक तळं आहे. काठावर तंबूंच्या जागा आखून दिल्यात. तिथे वीज नाही, दुकान नाही. आधी नाव नोंदवावं लागतं. आम्ही दोनदा नोंदवलं आणि दोनदा रद्द केलं. तिसऱ्यांदा रद्द केलं की यादीतून नाव कायमचं काढतात. ह्या वर्षी आम्हाला सोळा तारीख मिळाली होती, आणि ही शेवटची.

दोन्ही वेळा गाडं अडलं ते फ्रिजपाशी. "बर्फाच्या पेटीत दुसऱ्या दिवशी दूध नासतं," हे म्हणाले. "जायचं तर फ्रिज घेऊनच जाऊ. आणि तो मी बघून घेईन." मला वाटलं, ठीकच आहे, ह्यांच्याइतकं कोणाला कळणार? तिथेच मी फसले.

पहिल्या वर्षी मी एक स्वस्तातला दाखवला. गाडीच्या सॉकेटला लावला की झालं. हे हसले. "हा फ्रिज नव्हे, पंखा लावलेला डबा आहे. बाहेर चाळीस असेल तर आत वीस. त्यात दूध ठेवायचं ते दही लावायलाच." मग गॅसवर चालणारा बघितला. "हा जरा तिरका झाला की गार करायचं सोडतो. तळ्याकाठची जमीन सपाट करायला रोलर नेणार आहेस का?" एकाच्या झाकणात ह्यांनी कागदाची पट्टी ठेवली, झाकण लावलं आणि पट्टी ओढली. ती अलगद बाहेर आली. "रबर सैल आहे. नको." आणखी एक आवडला तर म्हणाले, "हा गाडीची बॅटरी पिऊन टाकेल. येताना ढकलणार कोण?" संताप ह्याचा, की सगळं बरोबर असायचं. भांडायला जागाच ठेवायचे नाहीत. ह्यांना आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी होती, आणि माझे उन्हाळे जात होते.

ह्या वर्षी मी कंबर कसली. लाँड्रीच्या जेवणाच्या सुट्टीत बसून मीच सगळं शिकले. कॉम्प्रेसरचा हवा, पस्तीस लिटर पुरतो, बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होणारा हवा, भरलेला असला तरी दोघांना उचलता आला पाहिजे. असा एक शोधला. कागदाची पट्टी झाकणातून निघेना. ह्यांना नाव ठेवायला काही उरलं नाही. मग म्हणाले, "आवाज ऐकल्याशिवाय मी घेणार नाही."

तीन दुकानं झाली. तिन्हीकडे हे वाकले, कान लावला, डोळे मिटले. एकीकडे "ठोका आहे." दुसरीकडे "घरघरतोय." तिसरीकडे नुसती मान हलवली. मी म्हटलं, "अहो, मला तर काही ऐकू येत नाहीये." तर म्हणतात, "तुझे कान लाँड्रीतले." मी तिथेच पेटले. दुकानात तमाशा नको म्हणून गप्प बसले, पण घरी आल्यावर दोन दिवस बोलले नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. हा माणूस मला तळं दाखवणार नाही, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

शनिवारी चौथं दुकान. सोळाला नऊ दिवस उरलेले. चष्मेवाल्या विक्रेत्याने तोच फ्रिज खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. "चालू करून दाखवतो," म्हणत त्याने वायर सोडवली, तेवढ्यात त्याला मालकाने हाक मारली. प्लग काउंटरवर ठेवून तो गेला. हे तोवर वाकून कान लावून बसले होते, डोळे मिटलेले. फ्रिजवरचा आकड्यांचा दिवा माझ्या बाजूला होता. तो लागलेला नव्हता. मी काही बोलणार, एवढ्यात हे उठले.

"कॉम्प्रेसर जड चालतोय," हे म्हणाले. "नको."

मी प्लगकडे बघितलं. तो काउंटरवरच होता. मग ह्यांच्याकडे बघितलं. विक्रेता परत आला आणि त्याने प्लग उचलला. "लावू नका," मी म्हटलं. "हाच द्या. बांधा."

"चालवून तरी बघा, ताई."

"गरज नाही. आमच्या ह्यांनी ऐकलाय."

"अगं, मी नको म्हणालो," हे म्हणाले.

"मी घेतला," मी म्हटलं.

ह्यांच्या दुरुस्तीच्या व्हॅनमध्ये मागे गॅसच्या सिलिंडरांमध्ये खोकं बसवलं आणि निघालो. हे धुसफुसत होते. "इतकं सांगून जड चालणारा घेतलास. चार दिवसांत बंद पडेल, मग मला सांगू नकोस." मी खिडकीकडे तोंड करून हळू म्हटलं, "गाडी थांबवा." गाडी चालतच राहिली. आणखी एकदा म्हटलं, तसंच हळू. काही नाही. मग दंडावर हात ठेवला, तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलं. पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावायला लावली.

"प्लग लावलेला नव्हता," मी सांगितलं.

हे स्टिअरिंग धरून बसले.

"कधीपासून?" मी विचारलं, ह्या वेळी समोर तोंड करून.

"दोन वर्षं झाली. तुझ्या बाजूचा कान आधी गेला. मग दुसराही उतरत गेला."

"आणि काम?"

"हात लावून बघतो, थरथर कळते. गिऱ्हाइकालाच विचारतो, तुम्हाला कसा आवाज येतो. त्यांना वाटतं, मिस्त्री किती अदबीने वागतो." मग म्हणाले, "गल्लीतल्या शिंप्याला त्याचा फ्रिज टाकून द्यायला सांगितलं. तो चांगला होता, बहुतेक."

"मग आज हात का नाही लावला?"

"नको म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. हात कशाला लावायचा?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी सगळं बोलून घेतलं. ताकास तूर लागू दिली नाहीत. जगाला सांगितलं नाहीत ते समजू शकते, पोटाचा प्रश्न आहे. पण मी कोण? एका छपराखाली राहते, मला का नाही सांगितलं? माझी मलाही लाज वाटत होती. रोज घसा ताणून बोलणारी बायको, तिला कुठून कळणार नवऱ्याला ऐकू येत नाही ते? पण लाज वाटली की मला जास्तच राग येतो. "आणि त्या तळ्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?" मी विचारलं. "दोन वर्षं फ्रिजला नावं ठेवत बसलात, पण जायचं नव्हतं ते कशासाठी?"

हे समोरच्या काचेकडे बघत होते.

"घरी दिवा असतो," म्हणाले. "तुझं तोंड दिसतं, त्यावरून अर्धं कळतं. उरलेलं तू ओरडतेस म्हणून कळतं. तिथे तू ओरडणार नाहीस. शांतता हवी म्हणूनच तर जायचंय तुला. तंबूत दिवा मालवल्यावर तू काही बोललीस, तर बोललीस हेसुद्धा मला कळणार नाही. आणि तुला वाटेल, हा झोपला."

पंपावर ट्रक हॉर्न वाजवत होता. मला रडू येत होतं आणि ह्यांना चांगलं गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी हनुवटी धरून ह्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं. हे माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, ओठांकडे बघत होते. दोन वर्षं असंच बघत असणार.

"सोळाला निघायचं," मी म्हटलं. नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. "दिवा रात्रभर लावून ठेवू."

ह्यांनी मान डोलावली. मागे वळून खोक्याकडे बघितलं, मनाशी काहीतरी हिशेब केला.

"मग बॅटरी मोठी घ्यावी लागेल," हे म्हणाले.