सतराव्या मजल्यावरची गोफण

तळोद्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा मायने पिशवीतून गोफण काढून काकूच्या हातात दिली. "तठे कशाले लागी?" एवढंच म्हणाली. बाबा गेल्यावर शेत वाट्याने दिलं होतं आणि मी, तिची एकुलती एक लेक, तिला माझ्याकडे टोरांटोला घेऊन निघाले होते. राखणीच्या माळ्यावरून तिने भिरकावलेला धोंडा ज्वारीच्या पार बांधावर पडायचा. ती आता सतराव्या मजल्यावर राहणार, याचं मलाच कोण कौतुक.

तुम्ही गावाकडची माणसं फोनवर विचारता, घरात पोरंसोरं नसताना तो टीव्हीवरचा महागडा खेळ कशाला घेतला? दुकानदारानेही तेच विचारलं. लोक मुलांसाठी घेतात, कोणी वजन उतरवायला. हातात रिमोट धरून हात हलवला की पडद्यावरचा माणूस हलतो. शिवाय प्लास्टिकची रॅकेट, पायाखालची चटई असलं काहीबाही गळ्यात मारतात. मी घेतला तो माय दिवसभर खिडकीशी हातावर हात ठेवून बसायची म्हणून. बाहेर बर्फ, खिडकी चार बोटंच उघडते आणि शेजारी कोण राहतं ते मलाही ठाऊक नाही. इथले लोकही हिवाळाभर असेच कोंडलेले. निदान हात तरी पसरता यावेत म्हणूनच हे खेळ खपत असावेत.

पहिल्या दिवशी माय खुलली. चेंडू फेकून पडद्यावरच्या बाटल्या पाडायच्या होत्या. रिमोटचा पट्टा मनगटात अडकवतात; तिने तो गोफणीच्या फासासारखा बोटात घातला, हात डोक्यावर गरागरा फिरवला आणि नेमक्या वेळी मूठ उघडली. ढिला पट्टा बोटातून निसटला, रिमोट टीव्हीवर आदळला आणि पडदा तडकला.

"अगं माय, सोडायचं नसतं ते!"

"सोडं नही त धोंडा जाई कसा?" ती खरंच विचारत होती.

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. रिमोट उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "माले बी सोडी दे, पोरी."

तिने गावी परत जायचं काढलं की उन्हाळा येऊ दे, मग बघू, असं म्हणत मी तिला टोलवत आले होते. गावात तिची काळजी कोण घेईल, हे आपलं बोलायला. खरं म्हणजे मलाच एकटं राहायची भीती वाटत होती.

शेवटी मीच तिकीट काढलं आणि माय गेल्या महिन्यात परतली. काकूने गोफण जपून ठेवली होती म्हणे. मला जाता येत नाही. तिला आणल्यानंतर माझा व्हिसा संपला, इथे कायम राहायचे कागद अजून आले नाहीत आणि ते येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तडकलेला टीव्ही तसाच आहे. कामावरून आले की कधी कधी मी तो पट्टा बोटात घालून बसते.

गोफणीची एक दोरी सुटते, दुसरी बोटातच राहते. सुटलेल्या धोंड्यासारखी माय तिच्या शेतात जाऊन पडली. माझ्या बोटात ही दोरी उरली आहे, आणि घर म्हणून माझ्याकडे आता तेवढीच आहे.